राखणीचा दर आणि राखणीची हद्द

पुण्यामुंबईतलं मालमत्ता कराचं बिल एकदा नीट वाचून पाहावं. सर्वसाधारण कर, मलनिस्सारण, पथकर, वृक्षकर, शिक्षण उपकर, अग्निशमन. शहरानुसार नावं थोडी बदलतात, पण घराभोवती जे जे लागतं त्याचं एकेक कलम त्या कागदावर असतं. आग लागली तर बंब यावा म्हणून आपण पैसे भरतो, रस्त्याकडेच्या झाडासाठीही भरतो. चोरापासून राखण व्हावी म्हणून मात्र या बिलात रकाना नाही. ते पैसे आपण दुसऱ्या कागदावर भरतो. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलात 'सेवा शुल्क' नावाची एक ओळ असते आणि वॉचमनचा खर्च तिच्यात असतो.

एखाद्या भागात गळ्यातली साखळी खेचण्याचे प्रकार वाढले, गाड्यांच्या काचा फुटल्या, बंद फ्लॅट फोडले गेले, की तिथल्या बैठकीत कुणीतरी हमखास सुचवतं, की मालमत्ता करावर आमच्या भागापुरता थोडा अधिभार लावा आणि त्यातून आमच्या रस्त्यांवर रात्रीची गस्त नेमा. सूचना वेडगळ नाही. अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत ही पद्धत अनेक वर्षं चालू आहे. राखणीचा खर्च सार्वजनिक असावा आणि तो मालमत्तेवर बसावा, हे मलाही मान्य आहे. मात्र अशा बैठकांत चर्चा थेट दरावर जाते: चौरस फुटाला किती, घरटी किती, टक्का किती. मला वाटतं, दर ही नंतरची बाब आहे. आधी हद्द ठरवावी लागते. कराची रेघ नकाशावर कुठून कुठे ओढली, यावर राखण कुणाची होणार आणि कुणापासून होणार हे ठरतं. तिथे चूक झाली तर कितीही न्याय्य दर लावून ती भरून निघत नाही.

पोलिसांचा खर्च घरपट्टीतून का निघत नाही, याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पोलिसांच्या खर्चाचा मोठा वाटा महापालिकेला उचलावा लागे. पालिकेची वर्षानुवर्षांची तक्रार होती, की पैसा आम्ही द्यायचा आणि पोलीस मात्र सरकारच्या हुकमात. कमिशनर सरकार नेमणार, शिपाई किती हवेत ते सरकार ठरवणार आणि हिशेब तेवढा पालिकेकडे पाठवणार. हा वाद १९०७ साली मिटला. त्या वर्षीच्या पोलीस खर्चाच्या कायद्याने पालिकेची पोलिसांच्या खर्चातून सुटका झाली आणि बदल्यात शहरातलं प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय मदत आणि लस टोचणी यांची जबाबदारी तिच्याकडे आली. पालिकेच्या शाळा आणि इस्पितळं ज्या पायावर उभी राहिली, त्यात या देवाणघेवाणीचा मोठा भाग आहे. मुंबईच्या नागरी इतिहासातल्या सगळ्यात शहाण्या सौद्यांपैकी हा एक, असं मी मानतो. घरमालकांच्या पट्टीचा जो पैसा शिपायांवर जाई, तो मुलांच्या शाळेकडे वळला.

पुढे राज्यघटनेत पोलीस हा विषय राज्यांच्या यादीत गेला. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी बारावी अनुसूची आली. तिच्या अठरा कामांत अग्निशमन आहे, रस्ते आहेत, रस्त्यावरचे दिवे आणि सार्वजनिक सोयी आहेत, पण पोलीस नाहीत. म्हणून 'आमच्या घरपट्टीतून आम्हाला जास्तीचे शिपाई द्या' ही मागणी कायद्याच्या चौकटीत बसत नाही. ती बसत नाही हे चांगलंच आहे, असं माझं मत. ज्या भागाने पैसे भरले त्या भागाचा शिपाई, ही कल्पना एकदा रुजली की ज्या भागाने भरले नाहीत त्याचं काय, या प्रश्नाला सरकारकडे उत्तर उरत नाही.

विशिष्ट वस्तीवर पोलिसांचा खर्च टाकण्याची एक पद्धत आपल्याकडे होती, आणि तिची आठवण चांगली नाही. १८९७ च्या जूनमध्ये गणेशखिंड रस्त्यावर, प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेल्या रँड या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सरकारने पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांच्या माथी मारला. प्लेगने आधीच होरपळलेल्या गावावर हा दंड होता. १८६१ च्या पोलीस कायद्यात अशा जादा बंदोबस्ताची तरतूद होतीच, आणि मुंबई राज्याच्या १९५१ च्या कायद्यातही, ज्याला आज आपण महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतो, तिचे वंशज शिल्लक आहेत. एका कलमानुसार कुणी अर्ज करून, खर्च भरून जादा पोलीस मागू शकतो. दुसऱ्यानुसार शांतता धोक्यात आली तर सरकार एखाद्या भागात जादा पोलीस ठेवू शकतं आणि खर्च तिथल्या रहिवाशांकडून वसूल करू शकतं. म्हणजे राखणीचा पैसा वस्तीकडून घेण्याचे दोन साचे कायद्याला ठाऊक आहेत, पैसेवाल्याचा बंदोबस्त आणि वस्तीला शिक्षा. सगळ्यांनी ऐपतीप्रमाणे भरावं आणि सगळ्यांची राखण व्हावी, हा तिसरा साचा अजून कुणी घडवलेला नाही.

राजस्थानातलं एक प्रकरण इथे महत्त्वाचं आहे. सरकारने झुंझुनू भागातल्या काही गावांवर जादा पोलीस बसवले आणि खर्चाच्या वसुलीतून हरिजन व मुस्लिम रहिवाशांना वगळलं. ज्या कारणाने पोलीस बसवावे लागले त्याच्याशी त्यांच्यातल्या बहुतेकांचा संबंध नाही, असं सरकारचं म्हणणं. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सूट घटनाबाह्य ठरवली. शांततेने राहणारी माणसं इतर समाजांतही होती, मग जात आणि धर्म पाहून रेघ कशी ओढणार, असा त्या निकालाचा आशय. कुणाला भरायला लावायचं आणि कुणाला नाही, याचा निकष धर्म-जात असू शकत नाही, हे त्या दिवशी पक्कं झालं. पण जागेची रेघ ओढली तर? कंपाउंडच्या आतले आणि बाहेरचे अशी विभागणी कागदावर जात-धर्म विचारत नाही. आपल्या शहरांत कोण कुठे राहतं हे ज्याला माहीत आहे, त्याला ती रेघ काय करते हे सांगावं लागत नाही.

आता सोसायटीच्या बिलाकडे. राखणीचा कर आपण भरतच आहोत, फक्त त्याला कर म्हणत नाही, आणि तो ज्या रीतीने वाटला जातो ती रीत कुठल्याही महापालिकेने लावली असती तर मोर्चे निघाले असते. गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवा शुल्क सगळ्या सदनिकांत सारखं वाटायचं असतं. वॉचमन, लिफ्टमन, माळी, सफाई हे सगळं त्यात येतं. समजा, ४८ सदनिकांची सोसायटी आहे. निम्म्या सदनिका ४५० चौरस फुटांच्या, निम्म्या ११५० च्या. रखवालदारांच्या एजन्सीचं महिन्याचं बिल ९६,००० रुपये. उपविधींप्रमाणे प्रत्येक घर २,००० भरणार, वन बीएचकेमधली नुकती नोकरीला लागलेली जोडी आणि तीन बेडरूमचं घर भाड्याने देऊन परदेशात राहणारा मालक, दोघंही तितकेच. हीच इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेली असती, तर सामायिक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे वाटला गेला असता. हिस्सा क्षेत्रफळावर ठरला असेल, तर चौरस फुटाला अडीच रुपये पडले असते, म्हणजे लहान घराला १,१२५ आणि मोठ्याला २,८७५. गेट तेच आणि वॉचमनही तोच, पण नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली यावर लहान घराचा भार जवळजवळ दुप्पट होतो. पुण्यात अपार्टमेंटची सोसायटी करायची की नाही यावर जी भांडणं होतात, त्यांच्या मुळाशी अनेकदा हाच आकडा असतो.

सारख्या वाटणीच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो हलका नाही. वॉचमन दारावर बसतो तो सगळ्यांसाठी सारखाच बसतो, मोठ्या घरासाठी जास्त जागत नाही. लिफ्ट आणि जिन्याबद्दल मला हे पटतं. राखणीबद्दल पटत नाही, कारण राखण ज्याची होते त्याची किंमत सारखी नाही. शिवाय 'चोवीस तास सुरक्षा' ही ओळ बिल्डरच्या माहितीपत्रकात असते ती घराचा भाव चढावा म्हणूनच. भाव ज्याच्या पदरात जास्त पडतो, त्याने त्याचा खर्चही जास्त उचलावा.

पण वाटणीपेक्षा मला जास्त खुपतो तो या राखणीचा आकार. आमच्या भागातल्या एका मोठ्या संकुलाच्या गेटवरची सकाळ पाहा. सातच्या सुमारास घरकामाच्या बायका येतात. प्रत्येकीचं नाव, फ्लॅट नंबर, वेळ, सही. काही ठिकाणी हे काम आता मोबाइलच्या अ‍ॅपवर होतं आणि फोटोही काढला जातो. बाहेर पडताना पिशवी उघडून दाखवायची. कुणी जुनी साडी किंवा डबा दिला असेल तर वरून फोन यावा लागतो, तोवर ती बाई गेटवर उभी. त्याच वेळी गाड्या आत-बाहेर करतात, त्यांच्यासाठी दांडी वर उचलली जाते. रजिस्टर धरून बसलेला माणूस बहुधा बारा तासांच्या पाळीवर असतो. रात्रपाळी संपून बदली आला नाही, तर तोच पुढे बसतो. केबिनमध्ये पंखा असतो, पण इमारतीचं स्वच्छतागृह वापरायला त्याला परवानगी मागावी लागते. या माणसांसाठी महाराष्ट्राने १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचं नियमन आणि कल्याण यांसाठी कायदा केला, मंडळं स्थापन केली, आणि देशात असं करणाऱ्या पहिल्या काही राज्यांत आपण होतो. तरीही असंख्य सोसायट्या सर्वांत कमी दर सांगणारी एजन्सी निवडतात आणि त्या दरात त्या माणसाच्या हातात काय पडतं हे विचारत नाहीत.

पाळी संपली की हा रखवालदार घरी जातो. त्याचं घर बहुधा त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत, संकुलाच्या मागच्या भिंतीपलीकडे असतं. तिथल्या गल्लीत दिवा नाही, सार्वजनिक शौचालय लांब आहे, आणि रात्री तिकडे जाताना त्याच्या मुलीसोबत आईला जावं लागतं. संकुलाच्या मागच्या भिंतीवर दोन प्रखर दिवे आणि कॅमेरे असतात, त्यांची तोंडं बहुधा आतल्या बाजूला. दरमहा लाखभर रुपये राखणीवर खर्च होतात आणि त्यातला एक रुपयाही भिंतीपलीकडे पोचत नाही. ज्या बायका सकाळी सही करून आत येतात, त्यांना रात्री घरी परतताना ज्या रस्त्याने जावं लागतं, तो या राखणीच्या हिशेबातच नाही.

हद्दीचा प्रश्न म्हणतो तो हाच. मालमत्ता कराच्या वाटेने राखण सार्वजनिक करायची, तर ती हद्द संकुलाची असून चालणार नाही. श्रीमंत सोसायट्यांच्या चार गल्ल्यांची असूनही चालणार नाही. टॉवर आणि त्यामागची वस्ती दोन्ही आत येतील, एवढी ती मोठी हवी.

हे नुसतं सदिच्छेपोटी म्हणत नाही, त्याला अनुभवाचा आधार आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात गेल्या पाव शतकात अनेक 'सुरक्षा जिल्हे' उभे राहिले. लेकव्ह्यूसारख्या भागांनी सुरुवात केली. लुइझियाना राज्याच्या विधिमंडळाने जिल्हा निर्माण करायचा, तिथल्या मतदारांनी मतदान करून शुल्क मंजूर करायचं, आणि ते शहराच्या मालमत्ता कराच्या बिलातच एक ओळ होऊन येणार. बहुतेक ठिकाणी हे शुल्क भूखंडाला ठरावीक डॉलर असं एकरकमी आहे, मोजक्या ठिकाणी मालमत्तेच्या मूल्यावर. यातला बारकावा असा, की लुइझियानात स्वतः राहत असलेल्या घराच्या बाजारभावातले पहिले ७५,००० डॉलर मालमत्ता करातून माफ असतात. भूखंडावरच्या एकरकमी शुल्काला ती माफी लागत नाही. म्हणजे ज्या लहान घराला शहराचा कर फारसा लागत नाही, त्यालाही राखणीचे डॉलर मात्र शेजारच्या हवेलीइतकेच. आपल्या सेवा शुल्काची हीच गत.

तिथे आणखी एक गोष्ट घडली. जिल्ह्यांचा आणि खासगी लोकांचा बराचसा पैसा शहराच्याच पोलिसांना ड्युटीबाहेरच्या वेळेत कामाला लावण्यात गेला. केंद्रीय न्याय खात्याने तिथल्या पोलीस दलाची चौकशी केली. तिच्या २०११ च्या अहवालात या जादा कामांच्या पद्धतीला दलातल्या भ्रष्टाचाराची महाधमनी म्हटलं होतं. शिपाई कुठे आणि कुणासाठी उभा राहणार, हे वरिष्ठांच्या गरजेऐवजी पैसे देणाऱ्यावर ठरू लागलं होतं. पुढे शहराला या कामांचं वाटप स्वतंत्र कार्यालयाकडे द्यावं लागलं. आपल्याकडेही कुणी असा अधिभार आणला आणि त्यातून साप्ताहिक सुट्टीवरच्या हवालदारांना गस्तीचे पैसे देण्याची वाट काढली, तर वर्षभरात ठाण्यातल्या नेमणुका कुठल्या संकुलाच्या सोयीने होतील हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. म्हणून माझी पहिली अट: या पैशातून वर्दीला एक रुपयाही नाही.

न्यू ऑर्लिन्सकडून घेण्यासारखंही एक आहे. तिथलं शुल्क काही वर्षांनी संपतं आणि पुन्हा मतदानाला जावं लागतं. आपल्याकडे कर जन्मतो तो सहसा मरत नाही. १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी व्यवसाय कर आला. तो हेतू थोर होता आणि मला त्याबद्दल आजही आदर आहे. मात्र आज पगारातून दरमहा २०० रुपये कापले जाणाऱ्या किती नोकरदारांना तो का सुरू झाला हे माहीत आहे? राखणीचा अधिभार पाच वर्षांचा असावा. पाच वर्षांनी लोकांनी पुन्हा 'हो' म्हणावं, नाहीतर तो आपोआप बंद व्हावा.

हद्दीबद्दल सर्वांत स्पष्ट विचार मला दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात दिसतो. वर्णभेदाने शहरं अक्षरशः रेघा ओढून कापली होती, म्हणून तिथल्या लोकांना हा धोका आधीच कळला असावा. २००४ च्या त्यांच्या नगरपालिका मालमत्ता कर कायद्याच्या २२ व्या कलमानुसार नगरपालिका एखादा विशेष कर विभाग ठरवून तिथे वाढीव कर लावू शकते. त्याआधी लोकांशी सल्लामसलत हवी, आणि ज्यांना तो भरावा लागणार त्यांच्यातल्या बहुमताची संमती हवी. त्या विभागाचा हिशेब वेगळा ठेवायचा. समिती नेमलीच, तर तिच्यात स्त्री-पुरुषांच्या प्रतिनिधित्वाचा विचार करायचा. आणि त्याच कलमात लिहिलं आहे, की शहराच्या विकासात आधीच असलेली विषमता पक्की करण्यासाठी या कलमाचा वापर करता येणार नाही. कर लावण्याच्या कलमातच त्या कराची मर्यादा घालणारं हे वाक्य वाचून मला मनापासून आदर वाटला. आपल्या कुठल्याही नगरपालिका कायद्यात अशा अर्थाचं वाक्य असावं, असं मला फार वाटतं.

अर्थात कायद्यात वाक्य असलं म्हणजे रस्त्यावर तसंच घडतं असं नाही. केपटाऊनच्या मध्यवर्ती भागात २००० पासून असा विभाग चालू आहे. तिथे सफाई आणि गस्त सुधारली हे बहुतेकांना मान्य आहे. त्याचबरोबर फुटपाथवर झोपणाऱ्या बेघरांना हद्दीपलीकडे ढकललं जातं, हा आरोपही अशा विभागांवर पुन्हा पुन्हा झाला आहे. दोष कुठे राहिला ते कलम वाचतानाच दिसतं. संमती घ्यायची ती कर भरणाऱ्यांची. भाडेकरू, फेरीवाला, फुटपाथवरचा माणूस यांना मत नाही, आणि गस्त तर प्रामुख्याने त्यांच्याच वाट्याला येते. म्हणून आपल्याकडे संमतीचा अधिकार मालकी हक्काला न जोडता मतदार यादीला जोडावा, आणि भाडेकरूंना त्यात बरोबरीचं स्थान असावं.

यावर एक आक्षेप येतो. एका भागात गस्त वाढली की चोर शेजारच्या भागात जातात, तेव्हा हद्द कितीही मोठी केली तरी तिच्या कडेला कुणीतरी मार खाणारच. आक्षेप ऐकायला पक्का वाटतो, पण तितका खरा नाही. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत गुन्हेशास्त्रज्ञ डेव्हिड वाइसबर्ड आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं. ठरावीक ठिकाणी बंदोबस्त वाढवल्यावर गुन्हे शेजारी सरकलेले त्यांना आढळले नाहीत, उलट शेजारच्या गल्ल्यांनाही थोडा फायदा झालेला दिसला. मात्र तो बंदोबस्त रस्त्यावरचा होता. गेट, कुंपण आणि रजिस्टर यांच्याकडून शेजारच्या गल्लीला असं काही मिळण्याची आशा मला दिसत नाही.

जुन्या वस्त्यांमधला गुरखा आठवा. मध्यरात्री दगडी फरसबंदीवर काठी आपटत, शिट्टी वाजवत तो चार-पाच गल्ल्या फिरे आणि महिन्याच्या सुरुवातीला दारोदार जाऊन पैसे गोळा करी. काही घरं देत, काही 'पुढच्या महिन्यात ये' म्हणत. शिट्टी मात्र सगळ्यांना ऐकू येई. न देणाऱ्याच्या दारासमोरून तो गुपचूप जाऊ शकत नसे. राखण जेव्हा रस्त्याची असते तेव्हा तिचं असंच होतं, ती वाटून देता येत नाही. म्हणूनच ती स्वेच्छेच्या वर्गणीवर टिकली नाही, देणारे कंटाळले आणि इमारतींनी आपापल्या गेटवर खुर्च्या टाकल्या. अर्थशास्त्राच्या दृष्टीने कर लावण्याचा सगळ्यात भक्कम आधार हाच आहे, आणि तो फक्त रस्त्याच्या राखणीला लागू होतो. गेटच्या राखणीसाठी सार्वजनिक कर लावण्याला कसलाही आधार नाही.

मग वर्दी नाही, गेट नाही, तर पैसा कशावर? उत्तर बाराव्या अनुसूचीतच आहे. दिवे, फुटपाथ, स्वच्छतागृहं. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सार्वजनिक घरांच्या वस्त्यांत सोडत काढून काही ठिकाणी प्रखर दिवे लावले गेले आणि इतर वस्त्यांशी तुलना केली गेली. रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाल्याचं संशोधकांना दिसलं. आपल्या शहरांत तोच आकडा येईल असं कुणी म्हणू नये, पण दिशा कळते. मुंबईत 'राइट टू पी' चळवळीने २०११ पासून बायकांच्या मुताऱ्यांचा प्रश्न लावून धरला, तो सुरक्षिततेचाही प्रश्न होता. रात्री उघडं आणि उजेडात असलेलं, देखरेखीला बाई बसलेलं शौचालय एखाद्या वस्तीतल्या बायकांना दहा कॅमेऱ्यांपेक्षा जास्त देतं. रात्रीची पायी गस्तही असावी, पण पालिकेच्या नोकरीतल्या माणसांची. आठ तासांची पाळी, पूर्ण पगार, आणि हाती शिट्टी, बॅटरी आणि फोन. त्यांनी कुणाला अडवायचं नाही, कुणाची पिशवी तपासायची नाही. दिवा बंद आहे, गटाराचं झाकण उघडं आहे, कुणी मदत मागतंय, तर कळवायचं आणि थांबायचं. तिथे बायकांचीही भरती झाली पाहिजे.

दरावर आता थोडक्यात, कारण हद्द आणि खर्च ठरल्यावर तो फारसा अवघड राहत नाही. मूल्यावर टक्का. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे, पुण्यात वार्षिक करपात्र रकमेवर. दोन्हींत उणिवा आहेत, पण सरसकट घरटी रकमेपेक्षा दोन्ही बऱ्या. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. ती माफी या अधिभारालाही लागू असावी. दुकानं, मॉल आणि कार्यालयांचा टक्का घरांपेक्षा जास्त असावा. रात्रीच्या उजेडाचा आणि वर्दळीचा रोकड फायदा त्यांनाच होतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे श्रीमंत प्रभागातून गोळा झालेल्या रकमेचा ठरलेला हिस्सा, मी म्हणेन निम्मा, शहराच्या सामायिक खात्यात जावा आणि जिथे दिवे सर्वांत कमी आहेत तिथे खर्च व्हावा. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडने २००४ मध्ये मतदान घेऊन सुरक्षेसाठीचा कर संपूर्ण शहरावर लावला आणि त्यातला वाटा तरुणांना हिंसेपासून दूर ठेवण्याच्या कामांना दिला. भागाभागांनी आपापली राखण विकत घेण्यापेक्षा ही वाट मला कितीतरी जवळची वाटते.

एक आक्षेप मला अस्वस्थ करतो आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. डेक्कनवर किंवा दादरला जुन्या मोठ्या घरात राहणारी पेन्शनर विधवा. घराची किंमत कोटींत, हातात येणारी रक्कम हजारांत. मूल्यावरचा कर तिच्यावर अन्याय करतो, कारण मूल्य भिंतीत अडकलेलं असतं. तिची थकबाकी घर विकताना किंवा वारसाच्या नावावर होताना वसूल करावी, व्याज न लावता, एवढाच मार्ग मला सुचतो. तो वारसांना आवडणार नाही. पण तिला घर सोडावं लागणार नाही, आणि मागच्या वस्तीतल्या मुलीला दिव्यासाठी आणखी एक पिढी थांबावं लागणार नाही.

राहिली संमती, आणि इथे आपलं घर सगळ्यात कच्चं आहे. २००९ मध्ये महाराष्ट्राने पालिका कायद्यांत क्षेत्र सभेची तरतूद केली. त्यानुसार मतदारांनी आपल्या भागाची कामं सुचवायची. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. २०२२ च्या मार्चपासून पुढे कित्येक वर्षं मुंबई आणि पुण्याचा कारभार प्रशासकांनी चालवला आणि लोकांनी निवडलेला एकही माणूस सभागृहात नव्हता. अशा काळात नवा अधिभार आणणं म्हणजे १९०७ च्या आधीची तक्रार परत ओढवून घेणं. तेव्हा ज्या शहराला हा प्रयोग करायचा असेल त्याने आधी एका प्रभागात क्षेत्र सभा भरवावी. टॉवरच्या सचिवाला आणि मागच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बायकांना एकाच टेबलावर त्या प्रभागाचा नकाशा द्यावा, आणि रात्री नऊनंतर कुठून चालायला भीती वाटते त्या जागांवर प्रत्येकाने खूण करावी. कराची हद्द त्या खुणांवरून ठरवावी, आणि दराचा ठराव पुढच्या सभेत यावा.